सहाव्या ओळीतली चूक

दर शनिवारी दुपारी तीन ते पाच मी सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या खोलीत 'नवशिक्यांसाठी गुप्तलेखन' असा वर्ग घ्यायचो. खालच्या सूचनाफलकावर माझी चिठ्ठी 'चष्मा सापडला आहे' आणि 'शिलाई मशीन विकणे आहे' यांच्या मधे टाचलेली असायची. तीस वर्षं मी कचेरीत सांकेतिक तारा उलगडण्याचं काम केलं. निवृत्तीनंतर माणसाला दोन दुखणी लागतात, एक गुडघ्यांचं आणि दुसरं शिकवण्याचं. मला दोन्ही लागली.

तिसरं दुखणं जन्मापासूनचं. मी थापा मारतो. वीतभर मासा माझ्या तोंडून हातभर होऊन बाहेर पडतो. आमची ही होती तेव्हा म्हणायची, "लोक गोष्टीत मीठ घालतात, तुम्ही मिठात गोष्ट घालता." तेव्हा पुढचं वाचताना तुम्ही मनातल्या मनात बरंच कापून टाकणार, हे मला ठाऊक आहे. खुशाल कापा. मीही कापून पाहिलं आहे. उरतं तेवढंही मला जड जातं.

त्या वर्षी विद्यार्थी चार. एक पोस्टमन, वर्षभरात निवृत्त होणारा आणि आतापासूनच कंटाळलेला. दोघी बहिणी, थोरली आणि धाकटी, साठी उलटलेल्या. सुनांना कळू न देता एकमेकींना चिठ्ठ्या लिहायच्या म्हणून आलेल्या. थोरलीला कमी ऐकू यायचं, म्हणून मला सगळं ओरडून शिकवावं लागे. चौथी बाई मागच्या रांगेत बसायची. इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला होती. सोड्याच्या पाण्याने तिच्या बोटांची टोकं कायमची पांढरी आणि चुरगळलेली झाली होती. ती कमी बोलायची आणि फळ्यावरचं अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायची.

खोली साधी. बारा घडीच्या खुर्च्या, तीन खिडक्या, एका कोपऱ्यात टवका उडालेला फळा. फळ्याच्या डावीकडे मनगटाएवढा जाड लोखंडी पाइप जमिनीतून वर यायचा आणि छतात शिरायचा. तो कशाचा, हे वाचनालयात कुणालाच सांगता येत नव्हतं.

पहिल्या शनिवारी मी चौकट शिकवली. आपली वर्णमाला रचणाऱ्याने गुप्तलेखन करणाऱ्यांवर मोठे उपकार करून ठेवलेत. क ख ग घ ङ, मग च छ ज झ ञ, अशा पाच ओळी आणि प्रत्येक ओळीत पाच अक्षरं. चौकट आयतीच तयार. मी तिला उजवीकडे एक उभा रकाना जोडला, य र ल व स. आणि खाली एक आडवी ओळ, श ह ळ अ इ उ. सहा सक छत्तीस घरं. काना-मात्रा वाचणाऱ्याने अंदाजाने लावायच्या. कचेरीत आम्ही वापरायचो ती चौकट निराळी होती. ही मी खास या वर्गासाठी, आदल्या आठवड्यात, दाढी करता करता रचली होती. ती कुठल्या पुस्तकात नाही आणि माझ्याशिवाय कुणाच्या डोक्यातही नव्हती.

"प्रत्येक अक्षराचे दोन आकडे," मी थोरलीच्या कानाच्या दिशेने ओरडलो. "आधी ओळ, मग घर. क म्हणजे एक-एक. म म्हणजे पाच-पाच. ल म्हणजे तीन-सहा. झालं 'कमल'. आणि आकडा आला की तो ठोकता येतो!"

टेबल डुगडुगत होतं, म्हणून मी खिशातली किल्ली काढली आणि त्या पाइपवर ठोकून दाखवलं. छान खणखणीत आवाज आला. मग मी पाइपजवळच उभं राहून छत्तीसच्या छत्तीस घरं मोठ्याने म्हणत आणि ठोकत गेलो.

"म्हणजे मास्तर," पोस्टमन म्हणाला, "बायको शेजारी बसलेली असताना मी भिंतीवर ठोकून मित्राला बोलवू शकतो?"

"बोलवा की. फक्त बायकोला या वर्गाला पाठवू नका."

थोरलीने धाकटीला विचारलं, काय म्हणाले? धाकटीने तिच्या तळहातावर बोटाने ठोकलं. हुशार होत्या दोघी.

पहिल्या दिवशी विद्यार्थी बांधून ठेवायला माझी एक हुकमी गोष्ट असायची. बारा मिनिटांची गोष्ट. एका कारखान्यात पाइपातून ठोके ऐकू यायला लागतात. कामगार घाबरतात, कुणी म्हणतं भूत, कुणी म्हणतं संदेश. साहेब मला फोन करतात. मी खुर्चीतून न उठता, एका हातात चहाचा कप धरून सांगतो, मला फक्त बेरजा द्या. एक ठोका किती वेळा, दोन किती वेळा. साहेब मोजून सांगतात: एक, बहात्तर वेळा. दोन, बहात्तर. तीन, बहात्तर. थेट सहापर्यंत सगळे बहात्तर. "मी म्हटलं, साहेब, भाषेत काही अक्षरं लाडकी असतात, काही सावत्र. माणूस बोलला की आकडे वरखाली होणारच. सगळे सारखे म्हणजे तिथे माणूस नाही, यंत्र आहे. तुमच्या पंपाची झडप वाजतेय, जा घरी! बारा मिनिटं. चहासुद्धा निवला नव्हता."

सगळे हसले. मागच्या रांगेतल्या बाईने विचारलं, "बाराच मिनिटं लागली?"

"घड्याळ लावून."

तिने तेही वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या शनिवारी मी चौकटीचे छापलेले कागद वाटले आणि अक्षरं मोजायला शिकवलं. कुठलं अक्षर किती वेळा येतं यावरून कुलूप कसं उघडतं, ते सांगितलं. थोरली म्हणाली, "माझ्या सुनेचं बोलणं कुणालाही उलगडेल. दर तिसरा शब्द 'मी'." पोस्टमन इतका हसला की त्याची खुर्ची मिटली आणि तो खाली बसला.

पाच वाजता सगळे गेले. धुलाईखात्यातली बाई थांबली. तिने पिशवीतून एक लांबट वही काढून टेबलावर ठेवली. पंपाच्या दाबाची नोंद ठेवायला असते तसली, आडव्या रेघांची.

"तो कारखाना नव्हता, मास्तर," ती म्हणाली. "खाण होती. आणि आत सात माणसं होती. तुम्ही ती गोष्टीतून काढून टाकलीत."

मला माहीत होतं. फोनवर त्यांनी सांगितलं होतं मला. पण गोष्टीत सात माणसं ठेवली की कुणी हसत नाही.

"त्यातले चौथे माझे," ती म्हणाली. "दरड कोसळली त्याच दिवशी ठोके सुरू झाले. पंपावरचे भाऊजी हवेच्या पाइपाला कान लावून बसायचे आणि लिहून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी तुमचा निरोप आला. संध्याकाळी पाचला खोदणं थांबलं. भाऊजींनाही लिहायचं बंद करा म्हणाले. ही वही त्यांनी मला दिली. नऊ वर्षं झाली."

"बाई, मी..."

"तुम्हाला बोल लावायला नाही आले. शिकायला आले. मला दोनच गोष्टी हव्यात. तुम्ही फोन खाली ठेवलात तेव्हा हे जिवंत होते का? आणि डबा यांनीच नेला का?"

"कसला डबा?"

ती बोटं चोळत राहिली. "त्या सकाळी आमचं वाजलं होतं. मी डबा हातात दिला नाही, उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवला. म्हटलं, हवा तर घ्या. नंतर बघितलं तर डबा नव्हता. पण आमच्या गल्लीत कुत्री फार. नऊ वर्षं मी त्या कुत्र्यांची तोंडं बघतेय."

मी वही उघडली. पंपवाल्याचं अक्षर स्वच्छ होतं. पहिल्या पानावर लिहिलं होतं: एक-एक, एक-दोन, एक-तीन, एक-चार. पानाच्या शेवटी सहा-पाच, सहा-सहा. दुसऱ्या पानावर पुन्हा एक-एकपासून. अशी सहा पानं.

मी खाली बसलो. छत्तीस घरं, क्रमाने, सहा वेळा. प्रत्येक आकडा नेमका बहात्तर वेळाच येणार, दुसरं काही येऊच शकत नाही. मी साहेबांकडे बेरजा मागितल्या होत्या, आणि त्यांनी पहिल्या सहा पानांच्याच दिल्या होत्या. क्रम मागितला नव्हता. आमच्या धंद्यातला माणूस आधी मोजतो, कारण मोजणं हीच आमची हुशारी. साहेबांनी फोनवर वही नुसती वाचून दाखवली असती, तर शाळेतल्या पोरानेही सांगितलं असतं की खाली कुणीतरी उजळणी करतंय.

"त्यांना चौकट येत होती," मी म्हणालो. "कुणी शिकवली?"

"ते तुम्ही सांगा."

सातव्या पानापासून आकड्यांचा क्रम मोडला होता. मी माझा छापील कागद ओढला. पाच-पाच, म. पाच-सहा, स. चार-एक, त. दोन-सहा, र. 'मास्तर'. पुढे सहा-तीन, सहा-दोन. ळ, ह. 'मास्तर ळह.' मी सुटकेचा निःश्वास टाकला. "बघा, अर्थ लागत नाही. चार अक्षरं जुळणं हा योगायोग."

तिने आपली वही माझ्यापुढे केली. "माझं तर 'मास्तर, हळू' येतंय."

तिने छापील कागद वापरलाच नव्हता. पहिल्या शनिवारी फळ्यावरून उतरवलं होतं, त्यावरून ती वाचत होती. मी मान वर केली. फळा पुसलेला नव्हता. सहाव्या ओळीत, माझ्याच हाताने, श नंतर ळ लिहिला होता आणि मग ह. थोरलीसाठी ओरडता ओरडता मी दोन घरांची अदलाबदल केली होती, आणि ती तशीच मोठ्याने म्हणालो होतो, तशीच पाइपवर ठोकली होती.

ती चूक आठ दिवसांपूर्वीची होती. वही नऊ वर्षांपूर्वीची होती.

आम्ही सातपर्यंत बसलो. माझा कागद मी घडी घालून खिशात ठेवला. तिच्या वहीवरून सगळं सरळ उलगडत गेलं. 'पाइपातून आवाज येतो. अक्षरं शिकलो. आम्ही सात. पाणी गुडघ्याला. आमचं ऐकू येतं का?' मग दुसऱ्या दिवसाची पानं. 'सुनेच्या गोष्टीला आम्हीपण हसलो. कोण पडलं?'

पोस्टमनची खुर्ची मिटून चार तासही झाले नव्हते.

"आपला एक शनिवार म्हणजे त्यांचा एक दिवस," ती बाई हळूच म्हणाली. तिने पान उलटलं. पुढचा संदेश तिने स्वतः लावला आणि त्याखाली बोट ठेवलं. 'डबा उंबऱ्यावरून मी घेतला. सातांत वाटला. तिला सांगा.'

ती रडेल असं मला वाटलं होतं. "बिचाऱ्या कुत्र्यांना उगाच शिव्या घातल्या," एवढंच ती म्हणाली.

वहीतली शेवटची ओळ मी लावली. ती तिला वाचून दाखवावी की नाही, हे मला समजेना. पण ती माझ्या खांद्यावरून बघत होती आणि चौकट आता तिला माझ्याहून चांगली येत होती.

'बारा मिनिटांची गोष्ट ऐकली. मास्तर, ती आमचीच ना?'

सोमवारी मी वाचनालयाच्या शिपायाला घेऊन तळघरात उतरलो. तो पाइप खाली येऊन जमिनीच्या हातभर वर करवतीने कापलेला होता. तोंडात लाकडी बूच मारलेलं. बुचावर कोळ्याने जाळं विणलं होतं. "तीस वर्षं असाच लोंबतोय," शिपाई म्हणाला. "का हो मास्तर, गळतोय का?" खाण तिथून गाडीने पाच तासांवर होती, आणि अपघातानंतर ती पाण्याने भरून बुजवली होती. एकही प्रेत वर आलं नव्हतं.

शुक्रवारी ती बाई घरी आली. चौकशी समितीच्या अहवालाची नक्कल तिने आणली होती. त्यात जुना नकाशा होता. सात जण अडकले होते त्या जागेच्या उत्तरेला, सातव्या खांबामागे, लाकडं ठोकून बंद केलेला जुना बोगदा होता. अपघाताच्या वेळी तो कुणाच्या ध्यानातच आला नव्हता.

"पाण्याच्या बाहेर जाणारी तेवढी एकच वाट आहे," ती म्हणाली. "उद्या त्यांना सांगा."

"कुठे निघतो हा बोगदा?"

तिने नकाशा उलगडून धरला. बोगदा कागदाच्या कडेपर्यंत जात होता. तिथे तो संपत नव्हता. तिथे कागद संपत होता.

"बाई, हे सगळं होऊन गेलंय. नऊ वर्षांपूर्वी जे व्हायचं ते झालं."

"वही दुसऱ्या दिवशी संपते. तुमच्यामुळे संपते. तिसऱ्या दिवशी काय झालं, हे कुणाला ठाऊक आहे? सांगा ना, आहे कुणाला?"

नव्हतं. मी ऐकणं बंद केलं होतं, म्हणून तर तिच्या आशेला तेवढी एक फट उरली होती.

तिसऱ्या शनिवारी मी सूचनाफलकावर 'वर्ग होणार नाही' अशी चिठ्ठी लावली. वर आम्ही दोघंच. मी पाइपजवळ उभा राहिलो आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने बोललो. आयुष्यभर भरल्या खोलीत खोटं बोलण्याची सवय. रिकाम्या खोलीत खरं बोलताना माझा आवाज कापत होता. "उत्तरेची भिंत. सातवा खांब. त्यामागे लाकडं ठोकलीत, ती काढा. मागे बोगदा आहे. चालत राहा." तेच मी पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि प्रत्येक शब्द ठोकलाही, चुकीच्या चौकटीने. चूक असली तरी त्यांना तीच येत होती.

शेवटी ती पुढे आली. पाइपला तिने पांढरी बोटं लावली. "ऐकलं का हो?" ती म्हणाली. "भांडण मिटलं. घरी या."

पाइप गार होता. उत्तर यायचं कारणच नव्हतं. त्यांचं उत्तर नऊ वर्षांपूर्वी दुसरीकडे कुठेतरी पोचलं होतं.

रविवारी आम्ही पंपवाल्याकडे गेलो. तो आता सायकली दुरुस्त करायचा. एका खोलीत राहायचा, कानांवर घट्ट लोकरी टोपी. ऊन चांगलं तापलं होतं तरी त्याने ती काढली नाही.

"भाऊजी," तिने विचारलं, "तुम्ही लिहायचं खरंच बंद केलं होतंत?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "हे कोण?"

"फोनवरचे."

तो चाकाच्या तारा चाचपू लागला. "मला उठ म्हणाले, वहिनी. पण मी उठून जाणार कुठे? पंप चालू ठेवायलाच लागतो. कान काय घरी ठेवून यायचे?" त्याने पत्र्याच्या पेटीतून कॅलेंडरची दोन पानं काढली. मागची कोरी बाजू आकड्यांनी भरली होती. "तिसरा दिवस आणि चौथा. तुम्हाला दिली नाहीत. देऊन काय करणार होतात? आणि हे पाइपातून आलंच नाही."

"मग कुठून आलं?" मी विचारलं.

"जमिनीतून. माझ्या खुर्चीखालून. तिसऱ्या दिवशी इथे होतं. चौथ्या दिवशी..." त्याने हात लांब केला, आमच्या शहराच्या दिशेने. "तिकडे सरकत गेलं."

तिने गुडघ्यावर वही ठेवली आणि वाचायला लागली. तिला आता कागदावर काही मांडावं लागत नव्हतं. आकडे बघायची आणि बोलायची, जशी एखादी बाई नवऱ्याचं पत्र शेजारणीला वाचून दाखवते.

"'लाकडं काढली. बोगदा आहे. कोरडा आहे.' भाऊजी, ऐकलंत? कोरडा आहे! 'निघालो. ती बोलली ते ऐकलं. मास्तर, बोलत राहा. दिवा विझला. तुमच्या आवाजावर चालतोय.'"

मग चौथ्या दिवसाचं पान. तिचा आवाज तसाच राहिला. पंपवाला मात्र उठून दारात जाऊन उभा राहिला.

"'भूक लागत नाही आता. तहानपण नाही. वाट उताराची आहे. मास्तरांचा आवाज पुढून येतो.'"

"उताराची?" मी म्हणालो. "खाणीतून बाहेर यायचं म्हणजे चढ हवा."

तिने ऐकलं नाही. "'पायऱ्या लागल्या. दार. खोली आहे, उजेड आहे. खुर्च्या मांडल्यात. बसलो. मास्तर फळ्यावर लिहितायत, पाठमोरे. वळले की विचारू.'"

"तिथे थांबलं," पंपवाला दारातून म्हणाला. "चौथ्या दिवशी, पाच वाजता. परत कधी ठोका आला नाही."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. नऊ वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या चेहऱ्यावरची घडी उलगडावी तशी दिसत होती. "येत्या शनिवारी," ती म्हणाली.

"बाई, कोण येणार? नऊ वर्षं झाली."

"जे निघालेत ते."

जायचं नाही असं मी ठरवलं. आठवडाभर रोज ठरवलं. गाव सोडून भाच्याकडे जायचं तिकीटही काढलं. पण शनिवारी दोन वाजता डोक्यात एकच गोष्ट आली. मी गेलो नाही तर आवाज थांबेल. सात माणसं अंधारात, मधेच कुठेतरी, उभी राहतील. एकदा मी बारा मिनिटांत फोन खाली ठेवला होता. तेवढं पुरे होतं एका आयुष्याला.

मी पोचलो तेव्हा ती आधीच आली होती. मागच्या रांगेत तिने आठ खुर्च्या उघडून ठेवल्या होत्या. चौथीशेजारच्या खुर्चीत ती बसली होती, धुतलेली साडी नेसून, पिशवी मांडीवर.

मी फळा पुसला, पाठ वळवली आणि शिकवायला सुरुवात केली. पहिल्यापासून. मोठ्याने. चौकट आखली आणि एकेक घर भरत गेलो, जमेल तितकं हळू. क. ख. ग. प्रत्येक अक्षराला एक गोष्ट सांगितली. सुनेची सांगितली, पोस्टमनच्या खुर्चीची सांगितली. जन्मभराच्या सगळ्या थापा त्या फळ्यासमोर ओतल्या.

चार वाजून चाळीस मिनिटांनी जिना वाजला.

घाईची पावलं नव्हती. लांबून चालत आलेल्या माणसांची असतात तशी. खाली शिपाई बसतो. त्याने कुणाला हटकल्याचं ऐकू आलं नाही.

दार करकरलं. खोलीत बंद जागेचा, लोखंडाचा वास आला.

एक खुर्ची वाजली. मग दुसरी. मी मोजत होतो. मोजणं हीच माझी हुशारी. तिसरी. चौथी वाजली तेव्हा मागून तिचा आवाज आला, अगदी हळू, घरातल्यासारखा: "किती वाळलात हो."

उत्तर आलं नाही.

पाचवी. सहावी. सातवी.

मी पाचवी ओळ संपवली. खडू बोटांत ओला झाला होता. म्हणायला गोष्ट उरली नव्हती, म्हणून नुसती अक्षरं म्हणत राहिलो. मागे कुणी हलत नव्हतं. कुणी खोकत नव्हतं. मागे बसलेल्या आठ जणांत एकाच माणसाचा श्वास ऐकू येत होता.

"मास्तर," ती म्हणाली. "आता वळा ना. किती ताटकळत ठेवायचं त्यांना? एवढंच तर विचारायचंय."

फळ्यावर आता एकच घर रिकामं उरलं होतं.